‘कुणीतरी’ शोधणारे आप्पा

ओळखीच्या माणसाला ‘कुणीतरी’ म्हणणं आप्पांना शेवटपर्यंत जमलं नाही.

मी शिरूरला स्पॅनिश शिकवते. इनामगावचे आप्पा सत्तरी उलटल्यावर माझ्या क्लासला आले, आठवड्यातून दोनदा, एसटीने. लेक स्पेनमध्ये, नातीला मराठीचा गंध नाही. तिला फोनवर तिच्या भाषेत आपलं गाव सांगायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

जागेचं वर्णन करायला मी शब्द दिले. ‘आल्गिएन’ म्हणजे कुणीतरी, ‘नादिए’ म्हणजे कुणीच नाही, ‘आल्गो’ म्हणजे काहीतरी. पुस्तकातल्या नमुन्याच्या वर्णनात एक बाग होती आणि बागेत कुणीतरी होतं. आप्पांनी पेन खाली ठेवलं. “बाई, आमच्याकडं बाग न्हाई. जे न्हाई ते पोरीला कसं सांगू?” मग ते घोड नदीवर जाऊन लिहून घेऊन आले. त्यात ‘आल्गिएन’ खोडून वर ‘बबन’ लिहिलेलं. “बबन हाय तो. त्याला कुणीतरी म्हणलं, तर उद्या त्येला तोंड कसं दाखवू?” मी हसले आणि गुण कापले.

गावात अनोळखी माणूस सापडेना, म्हणून आप्पा थेट दौंड स्टेशनच्या बाकावर जाऊन बसले. तीन पानं भरून ‘आल्गिएन’ आणले. “तिथं लई कुणीतरी हायेत, बाई,” म्हणाले, खुशीत. गावाजवळच्या उत्खननाच्या टेकाडावरही एक ओळ होती: इथे मातीखाली काहीतरी आहे.

नातीशी बोलायचा विषय निघाला, की मात्र मी अडवायचे. “आप्पा, अजून चुका होतात. पोर हसेल. थोडं थांबा.” चुका त्या केवढ्या, तर ‘नादिए’च्या आधी लागणारा ‘नो’, म्हणजे ‘नाही’, विसरायचे. “तुमी म्हणाल तवा,” म्हणत ते वही पिशवीत घालायचे. खरं सांगते, लेकीने माझ्या शिकवण्याचं कौतुक करावं, हा लोभ होता मला. त्यापायी मी त्यांना वर्षभर थांबवलं.

एका सकाळी आप्पा मळ्यात चक्कर येऊन पडले, ते उठलेच नाहीत. वही तपासायला माझ्याकडेच होती.

दिवसकार्याला लेक आणि नात आल्या, तेव्हा मी वही नेऊन दिली. नातीने ओट्यावर बसून ती सगळी वाचली. बबनपाशी हसली. माझ्या लाल रेघांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, कुठे अडलीही नाही. वाचून झाल्यावर तिने मला विचारलं, “आजोबा हे माझ्याशी फोनवर का नाही बोलले?”

मी तिच्या भाषेत, एकही चूक न करता, सांगितलं की त्यांना ती नीट येत नव्हती.