पुस्तकाबरहुकूम जीप

मोजणी खात्याच्या कचेरीत शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. निवृत्तीच्या दिवशी भाषण करणाऱ्याने कागदात डोकावून त्यांचं पूर्ण नाव वाचलं, तेव्हा हा नवा माणूस कोण म्हणून मामाच इकडेतिकडे बघायला लागले, असं मामी सांगतात. मामींच्या सांगण्यात थोडा मीठमसाला असतो, पण ही गोष्ट खोटी वाटत नाही. मामा होतेच तसे. स्वतःपेक्षा गाडीची ओळख त्यांना जास्त पक्की होती.

गाडी म्हणजे खात्याची जीप. सत्तावीस वर्षं ती मामांनी चालवली आणि त्यातली बावीस वर्षं शेजारच्या सीटवर एकच माणूस होता, मोजणीचे साहेब. डोंगर, नदीकाठ, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे यांचं काम सुरू व्हायचं. साहेब बॉनेटवर नकाशा पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि मामा तोवर चाकांखाली वाकून काय मोडलं ते बघायचे. दोघांत बोलणं बेताचंच होतं. तरीही साहेबांनी नुसती मान हलवली तरी कुठल्या वाटेने जायचं ते मामांना कळायचं. ते दिवस खरोखर फार चांगले होते. तेव्हा हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण तेव्हा पाठ दुखत असायची.

खात्याने जीप भंगारात काढली तेव्हा मामांनी भंगारवाल्यांच्या नाकावर टिच्चून ती लिलावात घेतली आणि ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. मामी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"ही इथे किती दिवस राहणार?"

"चार महिने. चार महिन्यांत रस्त्यावर नाही आणली तर मला विचार."

त्याच संध्याकाळी ते साहेबांकडे गेले. साहेबही निवृत्त होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. मामांनी सांगून टाकलं, "साहेब, पहिली फेरी तुमची. पण तोवर बघायला यायचं नाही. तयार झाली की मीच आणीन दाराशी."

"शब्द?" साहेब म्हणाले.

"शब्द."

चार महिन्यांची सात वर्षं झाली. त्याला कारण ते पुस्तक. मामांना कुठल्याशा रद्दीवाल्याकडे कंपनीचं जुनं पुस्तक मिळालं, त्या जीपच्या एकेका भागाची चित्रं असलेलं. त्यातली भाषा मामांना ओ की ठो कळत नव्हती, पण चित्रं ते पोथीसारखी वाचत. नट चित्रात षटकोनी असेल तर षटकोनीच पाहिजे. बॉनेटची कडी चित्रात उजवीकडे वळलेली असेल तर डावीकडे वळलेली चालणार नाही. एक आरसा मिळवायला त्यांनी तीन गावं पालथी घातली. आणि चित्रात जे नाही ते जीपवर ठेवायचंच नाही. कुणी कधी ठोकलेली पट्टी, बसवलेला हूक, सगळं कापून, घासून, भोकांत लांबीची पुट्टी भरून साफ. सत्तावीस वर्षांत खात्याने या गाडीचं काय करून ठेवलं, असं ते सारखं म्हणायचे. त्यातलं निम्मं आपणच करून ठेवलेलं आहे, हे सोयीस्करपणे विसरायचे.

घराचं म्हणाल तर, कपडे वाळत घालायची दोरी आधी हलली, मग पाण्याचं पिंप हललं. कपाटातल्या दोन खणांत कार्ब्युरेटरचे भाग झोपलेले. एकदा मामींच्या चहात वायसर निघाला. मामांनी तो धुतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "अगं, हाच तर मी परवापासून शोधतोय!" मामींनी कप उचलून आपटला नाही, हे त्यांचं मोठेपण.

अधूनमधून साहेब भेटले की विचारायचे, "मामा, कुठवर आलं?"

"झालंच साहेब. थोडं पत्र्याचं राहिलंय."

दर वर्षी थोडं पत्र्याचं राहिलेलंच असायचं. मधल्या काळात साहेबांच्या पत्नी गेल्या, साहेबांचे पाय थकले, हातात काठी आली. आणि एका सोमवारी साहेबांची लेक मामांच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"मामा, मी बाबांना घेऊन चाललेय. रविवारी निघतोय. तिकडेच राहतील आता माझ्याजवळ." मग जरा थांबून म्हणाली, "ते काही बोलत नाहीत, पण रोज विचारतात, मामा आले होते का."

ती समुद्रापलीकडे राहायची. साहेब आता परत यायचे नाहीत, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. मामा मटकन खोक्यावर बसले. जीपला सीट नव्हत्या, ब्रेक नव्हते, रंगाचा शेवटचा हात बाकी होता. सात वर्षं ज्याच्यासाठी घासत बसलो त्यालाच ती दिसणार नाही. स्वतःचा इतका राग त्यांना आयुष्यात आला नव्हता.

मग पाच दिवस मामांनी बाकी सगळं बाजूला ठेवून सीट, ब्रेक, रंग उरकले. मामी कधी नव्हे ते शेजारी उकिडव्या बसून नटबोल्टचे पाने हातात देत होत्या. दोन वेळा चुकीचा दिला, तिसऱ्या वेळेपासून नंबर न विचारता बरोबर द्यायला लागल्या. शनिवारी सकाळी इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. मामींनी पदराने काच पुसली आणि म्हणाल्या, "जा आता. त्यांना ताटकळत ठेवू नका."

साहेब फाटकापाशीच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी जीपभोवती काठी टेकत एक पूर्ण चक्कर मारली. बॉनेटवरून हात फिरवला.

"किती गुळगुळीत केलीत हो मामा. नकाशा घसरेल यावरून."

"एकही गोष्ट पुस्तकाबाहेरची नाही, साहेब," मामा अभिमानाने म्हणाले.

लेकीने आधार देऊन साहेबांना वर चढवलं. बसता बसता साहेबांचा डावा हात आपसूक समोर गेला, काचेच्या खाली, डॅशबोर्डच्या टोकाला. तिथे काही नव्हतं. हात चकचकीत पत्र्यावरून घसरला, पुन्हा चाचपडला आणि मांडीवर येऊन पडला.

मामांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

तिथे एक दांडी होती. साहेबांच्या पहिल्याच वर्षी, एका उभ्या चढावर, डोंगर मोजणारे हे साहेब भीतीने पांढरेफटक पडले होते आणि त्यांनी मामांचा हात घट्ट धरला होता, गिअर बदलायच्या ऐन वेळी. जीप मागे घसरायला लागली. मामा वरिष्ठांवर पहिल्यांदाच ओरडले, "साहेब, हात सोडा! गिअर टाकायचाय!" जीप कशीबशी सावरली. दुसऱ्या दिवशी मामांनी नळाच्या पाइपचा तुकडा आणून साहेबांच्या सीटसमोर वेल्डिंग करून घेतला. कचेरीत कुणी विचारलं तर नकाशाची गुंडाळी अडकवायला म्हणून सांगायचं, असं दोघांत ठरलं. बावीस वर्षं साहेबांनी त्या दांडीवर हात झिजवला. आणि पुस्तकाच्या चित्रात नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी मामांनी ती ग्राइंडरने कापली होती, इतक्या सफाईने, की तिची जागा आज त्यांना स्वतःलाही सापडली नसती.

"साहेब, ती... मी ती काढली. मला सुचलंच नाही." मामा म्हणाले. "माफ करा. मोठी चूक झाली."

"असू दे हो. चला तुम्ही," साहेब म्हणाले.

जीप निघाली. गल्ली संपली, वळण आलं, पाण्याच्या टाकीकडचा चढ सुरू झाला. मामांनी दुसरा गिअर टाकला आणि त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर असतानाच साहेबांनी तो कोपराखाली धरला. बोटं बाहीत घट्ट रुतली. चढ फार नव्हता, पण साहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

चढ संपला. पुढे सरळ सपाट रस्ता. इंजिन कण्हायला लागलं, तिसरा टाका म्हणून ओरडायला लागलं. असं गाडी चालवणाऱ्याच्या मामांनी आजवर सात पिढ्या उद्धरल्या होत्या. आता गिअर बदलायचा तर हात पुढे न्यावा लागणार, आणि हात पुढे नेला तर ती बोटं सुटणार.

मामांनी हात हलवला नाही. टाकीला वळसा झाला, जुन्या कचेरीवरून झालं, बाजारातून झालं. मागून हॉर्न वाजत होते, पायी चालणारे वळून बघत होते.

साहेबांनी डोळे उघडले. बावीस वर्षं ते इंजिन त्यांनीही ऐकलं होतं.

"मामा, गिअर अडकलाय का?"

आपल्या गाडीत दोष आहे, हे मामांनी आजवर कुणापुढेही कबूल केलं नव्हतं.

"हो साहेब," ते म्हणाले. "दुसऱ्यातच अडकलाय. निघतच नाहीये."

साहेबांनी रस्त्याकडे बघितलं. हात त्यांनी सोडला नाही.

"मग राहू द्या. सावकाश चला."