पास्कूदादाच्या अंगणातला खून

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. एका पुस्तकापायी मी पाचूबंदरच्या भर वस्तीत जी माती खाल्ली, ती आज सांगूनच टाकते.

आमच्या गोखिवऱ्यातल्या बिल्डिंगखाली नतालीन मावशी मासे विकायला येते. टोपली रिकामी झाली की माझ्याकडे पाणी प्यायला टेकते. एकदा माझ्या हातात एक जुनी सागरी साहसकथा बघून म्हणाली, "वाच ना बाय, मोठ्यानं." झालं! रोज एक प्रकरण सुरू.

कथा काय? एका तांडेलाला त्याचाच जिवलग दोस्त दगा देतो, गलबत बळकावतो, त्याला ओसाड बेटावर सोडून जातो. पंधरा वर्षांनी तांडेल परततो. कशाला? सूड घ्यायला! पानोपानी सूड! आणि मी आवाज घोगरा करून, दातओठ खाऊन वाचायचे. हौस दांडगी ना!

मधेच एकदा मावशीने सांगितलं, सख्ख्या भावाशी, पाचूबंदरच्या पास्कूशी, सात वर्षं बोलणं बंद आहे. जाळ्यांवरून भांडण. सांगताना डोळे भरले तिचे. मी शहाणीने काय करावं? "पुढे ऐक," म्हणत तांडेलाला सुरा पाजळायला लावला.

दुसऱ्या दिवशी मावशी टेकलीच नाही. दारातच उभं राहून सुनेला फोन लावला.

"रोझी, पास्कूमामाकडं जा. सुरी घेऊन जा. आधी खून कर, मंग काप. सगल्यांसमोर कर. लाल डाग पडले तर पानी मार!"

माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"मावशी, बस गं. शेवटचं प्रकरण राहिलंय…"

"आज नको, बाय. तुझ्या तांडेलानं डोले उघडले माझे. आज सात वर्सांचं मिटवूनच टाकते!"

आणि गेली तरातरा!

आता सांगा, चिथावणी कुणाची? माझीच! धावत जाऊन रिक्षा थांबवली. "भैया, जल्दी पाचूबंदर! खून होनेवाला है!"

"फिर तो मैं नहीं आता, मॅडम," म्हणून तो पसार. दुसऱ्याला लग्न आहे म्हणून सांगितलं.

पाचूबंदरला विचारत विचारत घर गाठलं, तर पास्कूदादा अंगणात जाळ्यांच्या ढिगाशेजारी निवांत चहा पीत बसलेला.

"दादा, पळा!"

"कुटं?"

"कुठेही! तुमची बहीण खून करायला निघालीय!"

"माहीत हाय. मीच रोझीला बोललो, कर म्हनून."

"तुम्ही?"

"मंग? खून केल्याबिगर कसं चालंल? तवा केली नाय, म्हनून तर भांडन झालं!"

तेवढ्यात रोझी आली. एका हातात सुरी, दुसरा हात मनगटापर्यंत लालभडक!

मी अशी किंचाळले की अख्खी आळी गोळा झाली. "नको गं पोरी! माफ करून टाका एकमेकांना!"

रोझी घाबरून म्हणाली, "काकी, डबा सांडला. रंग हाय."

रंग! जाळ्यांवर खूण करायचा रंग! सात वर्षांपूर्वी दोघांची जाळी गुंतली. कुणाचं कुठलं कळेना, तिथून सगळं पेटलं. आता मावशी भावाची जाळी खूण करून, गुंता कापून, त्याला सोडवून देत होती.

एवढ्यात मावशीही पोचली. प्रकार कळल्यावर पोट धरून हसली. मग भावाजवळ बसली.

"तो तांडेल पंधरा वर्सं सूड सूड करीत बसला," ती म्हणाली. "मेल्यानं मासे कवा पकडले? माझी सात गेली. आता आनखी एक दिस नाय घालवनार."

आपला अर्धा चहा बशीत ओतून पास्कूदादाने बहिणीपुढे सरकवला. मला भरून आलं, खरंच सांगते. असं वाटलं, पुस्तकं वाचून दाखवावीत माणसाने.

तेवढ्यात गर्दीतल्या एका आजीने विचारलं, "बाय, तू काम काय करतं?"

"घरीच असते," मी पुटपुटले.

खरं कुठल्या तोंडाने सांगणार? छापायला जाणाऱ्या पुस्तकांत कुठे 'न' चुकलाय आणि कुठे 'ण' हवा, हे शोधायचेच तर मला गेली तीस वर्षं पैसे मिळतात!