कुडाच्या भिंतीची मास्तरीण

माझ्या बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत मी तऱ्हेतऱ्हेचे परीक्षक पाहिले, पण हरसूलच्या आमच्या घरमालकीणबाईंइतका निष्ठुर परीक्षक मला दुसरा भेटला नाही. आणि या बाई आयुष्यात एक दिवससुद्धा शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचा विषय एकच, कुडाची भिंत. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी चिखल लिंपायचा, की झाली भिंत, अशी माझी बापड्याची समजूत होती. ती मी एकदा त्यांच्यासमोर बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "गुरुजी, बाराखडी काढली की झालं पुस्तक, असं मी म्हनले तर चालंल का?"

नव्वदीच्या सुरुवातीला माझी नाशिकहून हरसूलच्या शाळेत बदली झाली आणि मी त्यांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे असतील. नवरा कधीच वारलेला, मुलगा सातपूरला कारखान्यात, आणि घरात त्या, सून आणि दोन म्हशी. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही मावशीच म्हणू लागलो. पंचक्रोशीत कुणाचं घर उभं राहायचं झालं की पुरुषमाणसं मेढी रोवायची, वासे चढवायची, कौलं घालायची आणि मग हात जोडून मावशींच्या दारात येऊन उभी राहायची. कारण वर कौलं कितीही चांगली असली तरी राहायचं भिंतीच्या आत, आणि भिंत मावशींनी पाहिल्याशिवाय आत राहायला जायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. त्या माती जिभेवर ठेवून पारखायच्या. बांधावरची चिमूटभर माती उचलायच्या, जिभेला लावायच्या, डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि मग एक तर पुढे चालू लागायच्या किंवा टोपली मागवायच्या. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मलाही तीन ठिकाणच्या तीन मात्या चाखायला लावल्या. मला तिन्ही सारख्याच लागल्या. "मग चहा कमी प्या," एवढंच त्या म्हणाल्या. कारवी तोडायची ती थंडीतच, आणि तीही अंधाऱ्या पंधरवड्यात. एरवी तोडलेल्या काठीला भुंगा लागतो असं त्यांचं ठाम मत होतं. एका घरमालकाने घाईने श्रावणात तोडलेली कारवी त्यांच्यापुढे टाकली, तेव्हा मावशींनी त्यातली एक काठी उचलली, कानाशी धरून हलवली आणि शांतपणे त्याच्या बायकोला सांगितलं, "चुलीला बरी हाय."

दुसऱ्याच्या घरी गेल्या तरी त्यांचं लक्ष माणसांकडे कमी आणि भिंतींकडे जास्त. भावकीतल्या एका मुलीसाठी स्थळ बघायला सगळे गेले होते. पाहुण्यांनी पोहे केले, मुलाने खाली मान घालून नाव सांगितलं, बैठक रंगात आली, आणि मावशी गायब. त्या घराच्या मागे जाऊन भिंतीवर बोटांनी टकटक करत होत्या. परत येऊन बैठकीत बसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय. पन मागची भिंत घाईत केलीय. घाईची मानसं पोरीला दमानं वागवतील का, ते बघा." बैठकीवर विरजण पडल्यासारखं झालं. पण मुलाचा बाप हुशार निघाला. त्याने महिनाभरात ती भिंत पाडून नव्याने करून घेतली, मावशींना मुद्दाम दाखवायला नेलं, आणि मग लग्न लागलं. ते पाहुणे पुढे कितीतरी वर्षं दर सणाला त्यांना आधी बोलावणं पाठवायचे.

मी त्यांचा विद्यार्थी झालो तो अपघाताने. पावसाळ्यात माझ्या खोलीची मागची भिंत खालून खचली. मी म्हटलं, कुणाला तरी बोलावू या. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "तुम्हाला हात नायत का?" खचलेल्या जागी त्यांनी तात्पुरता आडोसा बांधला आणि त्या दिवशी माझं शिक्षण सुरू झालं. पहिलं वर्षभर मला फक्त चिखल तुडवायचं काम होतं. शाळा सुटली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि खड्ड्यात उतरायचं; माझ्याच वर्गातली मुलं कुंपणापलीकडून हसत जायची. माती, भाताचा तूस, शेण, पाणी यांचं प्रमाण काय, असं मी विचारलं की त्या म्हणायच्या, "पायाला विचारा." दुसऱ्या वर्षी कारवी बांधायला मिळाली आणि तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष लिंपायला. त्यांच्या शेऱ्यांची यादी दोनच शब्दांची होती. बरं झालं तर "राहू द्या", आणि बिघडलं तर "काढा". माझी भिंत मी सात वेळा काढली. सातव्या वेळी माझा संयम संपला. "मावशी, निदान चुकतंय काय ते तरी सांगा! मी रोज चाळीस मुलांना सांगूनच शिकवतो."

त्या शेणाचा हात धूत होत्या. म्हणाल्या, "सांगितलं तर तुम्हाला समजंल हो. हाताला कसं समजंल?"

नंतर किती तरी वेळा वर्गात फळ्यापुढे उभा असताना, एखाद्या मुलाला तेच गणित चौथ्यांदा समजावताना, हे वाक्य आठवून माझी जीभ थांबली आहे आणि मी खडू त्या मुलाच्या हातात दिला आहे. ट्रेनिंगला मला पुष्कळ काही शिकवलं होतं, हे तेवढं राहून गेलं होतं. आठव्या वेळी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, तळवा वरून खाली फिरवला आणि "राहू द्या" म्हणून म्हशीला पाणी पाजायला निघून गेल्या. मी त्या शनिवारी एसटीने नाशिकला घरी जाताना शेजारच्या अनोळखी माणसालाही ही बातमी सांगितली.

पुढे माझी बदली परत नाशिकला झाली, इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि दोन हजार साल उलटल्यावर केव्हातरी माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "तुमच्या त्या मावशी आमच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक दाखवतील का?" मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं. मावशी आल्या त्या मातीची दोन पोती आणि कारवीचा भारा एसटीच्या टपावर टाकून. कंडक्टरने मातीच्या लगेजचे पैसे मागितले, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं होतं म्हणे, "आन् गावची माती रोज चाकाला लावून नेतोस, तिचं काय?"

कॉलेजात फलक, समई, शाल, नारळ सगळं तयार होतं. सभागृहाबाहेरच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. कार्यक्रम दोन तासांचा, नंतर चहा. मी मावशींची ओळख करून देताना जरा लांबलचकच भाषण केलं. मग त्या उठल्या, पदर खोचला, आपली पोती उपडी केली, पाणी घातलं, तूस घातला, शेण घातलं, पाऊण तास तुडवलं आणि ओल्या गोणपाटाने सगळं झाकून टाकलं. मुलं वह्या सावरून पुढे सरकली.

"आता?" प्राध्यापकांनी विचारलं.

"आता आठ दिसांनी."

हशा पिकला. प्राध्यापक खाली वाकून समजावणीच्या सुरात म्हणाले, "मावशी, खरी भिंत नकोय हो. नुसतं दाखवायला, थोडंसं लिंपून."

"दाखवायला कशाला पायजे भिंत?" मावशींना खरंच नवल वाटलं होतं. "माती पिकली नाय अजून. कच्ची लावली तर उद्या भेगा पडतील, आन् ही पोरं म्हनतील, अशीच असती कुडाची भिंत."

त्या काही हलल्या नाहीत. मुलं चहा पिऊन पांगली, प्राध्यापकांनी माझा निरोप घेताना माझ्याकडे पाहिलंही नाही. रिक्षात मी स्वतःला आवरू शकलो नाही. म्हटलं, "मावशी, चार लोकांत माझी लाज घालवलीत तुम्ही. एक हात फिरवला असता तर काय बिघडलं असतं?" त्या शाल मांडीवर घट्ट धरून रस्त्याकडे पाहत राहिल्या. घरी आल्यावर माझ्या बायकोला म्हणाल्या, "सूनबाई, आठ दिस ऱ्हायाला जागा देशील का? माती एकटी कशी टाकू?"

त्या राहिल्या. रोज सकाळी भाकरी खाऊन माझ्या बायकोकडून चिठ्ठीवर पत्ता लिहून घ्यायच्या आणि रिक्षाने कॉलेजात जायच्या. माती ओली करायच्या, तुडवायच्या, झाकायच्या, परत यायच्या. मी रागातच होतो. त्यांच्याशी जेवणापुरतं बोलत होतो. पाचव्या दिवशी शाळेतून परत येताना मनात आलं, हे पुरे झालं, आज यांना एसटीत बसवून देऊ. म्हणून कॉलेजात गेलो. अंगणात सहा-सात मुलंमुली पायजमे वर खोचून चिखलात उभी होती. त्यातली एक मुलगी विचारत होती, "आजी, झालं का? किती वेळ अजून?" आणि मावशी म्हणत होत्या, "पायाला विचार." त्यांनी मला पाहिलं. मी काय बोलायला आलो होतो ते त्यांना चेहऱ्यावरून कळलं असावं. थोड्या सरकल्या आणि जागा करून म्हणाल्या, "या गुरुजी. चपला तिकडं काढा."

मी उतरलो. चिखल गार होता आणि पायाखाली लोण्यासारखा सरकत होता. कच्च्या मातीत आणि या पिकलेल्या मातीत काय फरक आहे हे त्या क्षणी माझ्या टाचेला कळलं. मी मान वर न करता म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी जास्त बोललो." "शाळेत बोलून बोलून सवय लागती," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. नवव्या दिवशी त्या सहा-सात मुलांनी हातभर रुंद, कमरेएवढी भिंत केली. मावशींनी ती तीनदा काढायला लावली. प्राध्यापक दुरून पाहत होते. संध्याकाळी तेही बाह्या दुमडून आले.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी मावशींच्या मुलाने हरसूलचं घर पाडून सिमेंटचं बांधायला काढलं. मला वाटलं, आता मावशी रणकंदन करतील. पण त्या म्हणाल्या, "सुनेचं खरं हाय. दर साल लिंपून तिची कंबर गेली. माझा हट्ट तिनं का वाहावा?" उलट नव्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम त्यांनी आपणहून घेतलं आणि एकही पाळी चुकवली नाही. ठेकेदाराला म्हणाल्या, "सिमिटालाबी मुरायला येळ लागत असंलच की." मातीचा फक्त गोठा तेवढा राहिला.

शेवटचा गेलो तेव्हा त्यांच्या उजव्या अंगावरून वारं जाऊन दोन वर्षं झाली होती. सून म्हणाली, मागं गोठ्याशी असतील. मावशी भिंतीला लागून पाटावर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, आणि डाव्या हाताने त्या लिंपत होत्या. समोरचा हातभर भाग पहिलीतल्या मुलाच्या पाटीसारखा दिसत होता, कुठे जाड, कुठे पातळ, बोटांचे फराटे वेडेवाकडे. मी शेजारी बसलो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी मला असं काही विचारलं, जे एवढ्या वर्षांत कधीच विचारलं नव्हतं.

"कसं झालंय, गुरुजी?"

मला पटकन छान म्हणायचं होतं. दुखणाईत माणसापुढे कुणीही तेच म्हणेल. पण हात आपोआप भिंतीकडे गेला होता आणि तळव्याखाली मला स्पष्ट लागत होतं. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. मी म्हटलं, "मावशी, वरचा थर धरला नाहीये. मधून सुटलाय."

त्या इतक्या हसल्या की वाकड्या झालेल्या ओठांतून लाळ गळाली. त्यांनी ती पदराने पुसली. "बराबर हाय," म्हणाल्या. "मलाबी तेच वाटत व्हतं, पन या हाताला अजून नीट कळत नाय. तुमच्या हाताला कळलं." मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहून, त्या पाहण्यात दुःख नव्हतं, नुसता हिशेब होता, म्हणाल्या, "याला यायला तीस वर्षं लागली. डाव्याला तर दोनच झालीत."

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि घमेलं जवळ ओढलं. साडेचारची गाडी गेली, सहाचीही गेली.

पुढच्या थंडीत सुनेचा फोन आला. अशा वेळी जे बोलतात ते सगळं मी बोललो, कधी झालं, कसं झालं, त्रास झाला का, हेही विचारलं. फोन ठेवून खिडकीशी येऊन उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, की डाव्या हाताला शेवटी जमलं की नाही, हे काही मी विचारलंच नाही.