गैरहजर असलेल्यांसाठी

वस्तीत कुणी बाई गेली की पहिला निरोप न्हाणी मावशीला जायचा. मेलेल्या बायकांना आंघोळ घालायचं काम तिचं, म्हणून तसं नाव पडलेलं. बाह्या सारून ती कोमट पाण्यानं देह धुवायची, कफन नीट गुंडाळायची आणि पुरुष न्यायला आले की बजावायची, "कबरीत तोंड काब्याकडे करा बरं." विसरत कुणी नसे, पण सांगितल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नसे.

मग तिचा एकुलता एक मुलगा गेला. मालवाहू जहाजावर कामाला होता. वादळात जहाज बुडालं. काही जण सापडले, तो सापडला नाही.

मौलाना म्हणाले, "देह नसला तरी जनाज्याची नमाज पढता येते."

मावशी उसळली. "माझं पोर अजून आलं नाही, आणि तुम्ही त्याला मारून मोकळे झालात?"

नवरा वेल्डर, मुळातच अबोल. तो रोज कामावर जात राहिला. लग्नाला वर्षही न झालेली सून ना नवऱ्याची ना विधवा, अशी लटकून राहिली. मावशी रोज मुलाचं ताट वाढायची.

एकदाच ती नवऱ्याला म्हणाली, "समुद्रात त्याचं तोंड कुणीकडे असेल हो?"

"पाण्यात कसली आलीय दिशा?"

"तेच तर."

पुढे दोघांना हजची संधी मिळाली. मुलगा परत मागायचा, असं मनाशी धरूनच ती गेली. काळ्या वस्त्रातलं ते घर, काबा, समोर आलं आणि मागायचं राहूनच गेलं. जन्मभर तिनं या घराकडे एकाच बाजूनं तोंड केलं होतं. इथे माणसं चहूबाजूंनी वाकत होती. पलीकडचे तर तिच्याकडेच तोंड करून उभे होते.

दुपारची नमाज संपली आणि कर्ण्यावरून पुकारा झाला. कुणाकुणाचे जनाजे आणले होते. शेजारच्या अनोळखी बाईनं बाही ओढून तिला उभं केलं. इतकी मयतं हाताखालून गेली, पण जनाज्याच्या रांगेत मावशी आजवर उभी राहिली नव्हती; वस्तीत ती नमाज पुरुषच पढत. त्या नमाजेतल्या दुआत जिवंतांसाठी मागणं असतं, मेलेल्यांसाठी असतं, आणि हजर नसलेल्यांसाठीही असतं. तिथवर आली आणि तिनं मनात मुलाचं नाव घेतलं.

बाहेर नवऱ्यानं तिचा चेहरा पाहिला. "काय झालं गं?"

"आपल्या पोराचा जनाजा पढून आले."

त्यानं काब्याकडे तोंड केलं आणि दुआसाठी हात उचलले.

घरी परतल्यावर तिनं सुनेला जवळ घेतलं. "तो आता यायचा नाही, बाळ. तू माहेरी जा. तुझ्यापुढे आयुष्य पडलंय." सून त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.

सून गेली. घरात दोघंच उरली. बोलावणं आलं की मावशी अजून जायची. पण देह धुता धुता तिचे हात मध्येच थांबायचे. सोबतची बाई पाणी ओतत राहायची.