आईच्या नावाची वाटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही फजिती सांगताना मला अजून दमायला होतं.

लग्नाआधी मी पुण्यात खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत होते. नव्या पदार्थांची परीक्षा घ्यायची, कुठला पुढे न्यायचा, कुठला तिथेच थांबवायचा ते ठरवायचं, हे माझं काम. देवगडजवळ सासरी आले, तर बचत गटापुढे हाच प्रश्न. काजूची बोंडं दरवर्षी झाडाखाली कुजतात, त्यांचा जॅम करायचा. पण सासूबाईंच्या पद्धतीने की गटातल्याच शेवंताकाकींच्या? सासूबाई त्यापायी तीन हंगाम धडपडत होत्या.

"सूनबाय शिकलेली आसा, ती ठरवतली," त्याच म्हणाल्या.

मी म्हटलं, कुणाचा जॅम कुठला हे कळताच कामा नये. आहेरातल्या तीन वाट्या काढल्या, काठावर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसऱ्या वाटीत माझा जॅम, मुद्दाम करपवलेला, घसा धरणारा. बायका खरंच चव घेतात का ते बघायला. कंपनीत असंच करायचो.

गटातल्या सात बायकांनी दहापैकी मार्क दिले, ते मी दोनदा तपासले. तिसऱ्या वाटीला पैकीच्या पैकी! सासूबाईंचा जॅम शेवटचा. खुद्द सासूबाईंनी त्याला दहापैकी एक दिलेला.

शेवंताकाकींना बाजूला घेऊन विचारलं, "काकी, तिसरा खरंच आवडला?"

"चाखलो कोणी गो?" त्यांनी वाटी फिरवली. पोटावर कोरलेलं, 'आईकडून सप्रेम भेट'. "तुज्या आवशीन धाडलेल्या जॅमाक कमी मार्क दिलंव तर बरा दिसतला काय?"

आणि सासूबाईंचा जॅम होता सुमनकाकींनी नाव घालून दिलेल्या वाटीत. आमच्या लग्नानंतर झालेल्या पायवाटेच्या भांडणापासून वाडीत त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

खरं सांगावं, तर सासूबाईंनी स्वतःलाच एक मार्क दिला हेही सांगावं लागणार. मी शब्द जुळवतेय, तोवर त्यांनी माझ्या आईला फोन लावलासुद्धा.

"विहीणबाय, तुमचो जॅम पयलो इलो."

आईने आयुष्यात जॅम केलेला नाही. पण विहिणीपुढे माघार घेईल तर ती आई कसली?

"ती आमची जुनी रीत," ती म्हणाली. "लेकीक सगळी म्हायती आसा."

सासूबाईंच्या जॅमची बाटली मी कपाटात लपवलीय. घावण्याबरोबर गुपचूप तोच खाते. आणि रोज सकाळी गटातल्या सातही बायकांना शिकवते, जॅम नेमका किती करपवायचा.

काल सासूबाईंनी बोट चाटून मान हलवली. "सूनबाय, आज जमाक नाय. तुज्या आवशीसारखो करपाक नाय."