केझायाचे निरोप

माझ्या रोजनिशीतली नोंद: ११ फेब्रुवारी १८५१, मंगळवार. दाट धुकं. मटणाचा रस्सा खारट झाला. शेजारची केझाया चहाचा ट्रे नेताना जिन्यात कोसळली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

केझाया हॅलिवेल भावंडांची जुनी मोलकरीण. मिस ऑर्पा अर्थशास्त्रावर लिहीत: गरिबाला घरबसल्या मदत दिली की तो कायमचा पंगू होतो, त्याला सरकारी गरीबगृहातच धाडावं. त्यांचे धाकटे भाऊ रेव्हरंड सायलस दयाधर्मावर लिहीत. एकमेकांना पुस्तकांतून उत्तरं देता देता दोघांचं बोलणंच बंद पडलं. घर एक, टेबल एक, मध्ये केझाया.

"त्या मेंढराला सांग, तुझ्या प्रवचनांनी गावात भिकारी माजलेत," असं मिस ऑर्पा म्हणत. केझाया पलीकडे जाऊन सांगे, "ताई विचारतात, पाय गारठलेत का? शेगडी पुढे ओढू?"

मला म्हणायची, "खरं सांगितलं तर दोघंही जेवणार नाहीत, मिसेस गॅस्कार्थ. रांधून फुकट जायचं माझंच ना!"

तिला धास्ती एकच. गरीबगृहात मेलेल्याला बिननावाच्या खड्ड्यात लोटत. तिने आपलं कफन स्वतः शिवून ठेवलं होतं, कोपऱ्यात दोऱ्याने नाव भरून.

माझी भाड्याची एक खोली. तिला ठेवायचं तर त्या दोघांनीच. आता निरोप मी नेऊ लागले. केझायासारखं गोड करून सांगणं मला जमेना. लहानपणी कॉन्व्हेंटात नन्सनी शब्दन् शब्द खरा सांगायला शिकवलं होतं.

"सायलस म्हणाला तर राहू दे," मिस ऑर्पा म्हणाल्या. "मी कशी म्हणू? लोक माझंच पुस्तक माझ्या तोंडावर फेकतील."

रेव्हरंड म्हणाले, "घरचा कारभार ऑर्पाचा. आधी तिनं म्हणावं, की सायलस, तुझं खरं."

"अहो, केझाया वर पडल्या पडल्या ऐकतेय!" मी म्हणाले.

"मग हळू बोला."

डॉक्टरांनी विचारलं, हिला बघणार कोण? दोघंही आपापल्या खोलीत निघून गेली, तेव्हा त्यांनी गरीबगृहाला कळवलं. शुक्रवारी गाडी आली. केझायाने डाव्या हाताने कठडा धरला. गाडीवाल्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. दोन्ही खोल्यांची दारं लावलेली होती.

कफनाचं गाठोडं मी तिच्या कुशीत दिलं. गाडीवाल्याने ते परत केलं. "तिथं घरचं कापड चालत नाही, बाई."

संध्याकाळी मी रोजनिशीत लिहिलं: गाठोडं कपाटात खालच्या फळीवर, चादरींच्या मागे ठेवलं.