चौथ्या मशीनवर राहिलेली नात

माझ्या दिराइतकी लाज मला जन्मात दुसऱ्या कोणी आणली नाही, आणि मी काही लाजाळूचं झाड नाही. मी लग्न होऊन जळगावात आले तेव्हा तो चड्डी सावरत फिरायचा, म्हणून अजून त्याच्याशी एकेरीतच बोलते. जन्मभर भुसावळला रेल्वेच्या कंट्रोलमध्ये बसून त्याने गाड्या पुढे-मागे केल्या, आणि रिटायर झाल्यावर आमच्या माडीवर बसून लग्नं जुळवायला लागला. समाजातल्या मुला-मुलींची वेबसाइट काढली. मी चौथी शिकलेली. मला त्यातलं जे कळतं ते त्याने सांगितलं म्हणून, आणि त्याने ते रोज सांगितलं, मी ऐको न ऐको.

आधी सगळी साइट माडीवरच्या एका कॉम्प्युटरवर चालायची. त्याला तो सर्व्हर म्हणायचा. सर्व्हर तापतो म्हणून माझा कूलर वर गेला. मे महिन्यात आम्ही माणसं पुठ्ठ्याने वारा घेतोय आणि तो डबा गारव्यात. तुळशीचं लग्न लागलं की स्थळं बघणाऱ्यांची गर्दी व्हायची आणि साइट रेंगाळायची. दुसरा कोणी असता तर आणखी मशीन आणलं असतं. याने फोन उचलला. "कोण, धुळ्याचे नाना का? तुमचं बघून झालं असेल तर बंद करा हो. शिरपूरवाले आउटर सिग्नलला खोळंबून उभे आहेत." लोक बंदही करायचे. एका बाईने तर विचारलं, "भाऊ, मी अंघोळ करून येऊ, की लगेच नंबर लागेल?" मी जिन्यात उभी राहून हे ऐकायचे आणि तोंडावर पदर घ्यायचे.

पुढे नाशिक-सुरतेची माणसं यायला लागली, तेव्हा फोन पुरेनात. मग त्याने चार मशीनं भाड्याने घेतली. ती कुठे आहेत ते त्यालाही ठाऊक नाही. त्यांच्यापुढे आणखी एक, येणाऱ्याला रिकाम्या मशीनकडे वळवणारं. त्याला तो पॉइंट्समन म्हणायचा, रुळांचे सांधे बदलणारा. मूळ नावं एका ठिकाणी, आणि चौघांकडे त्यांची नक्कल. "एक बसलं तरी तीन चालतील, वहिनी. गाडी अडायची नाही."

माझ्या नातीचं नावही त्यात होतं. धुळ्याचं स्थळ पक्कं झालं तसं त्याने ते स्वतःच्या हाताने साइटवरून काढून टाकलं. साखरपुड्याला धुळ्याची मंडळी बसली होती, ओटी भरायची तयारी चालली होती, तेवढ्यात हॉलच्या दारात सहा-सात माणसं आली. आमच्या पोरींनी त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, पेढे दिले. त्यातले एक आबा खुशीत म्हणाले, "आमची एवढी सरबराई? आम्ही तर नुसती मुलगी पाहायला आलो. फोन कोणी उचलेना, म्हणून तुमच्या घरी गेलो. शेजारच्यांनी इकडं धाडलं." माणसं शिरपूरची. त्यांच्या मोबाइलमध्ये माझी नात, फोटोसकट.

नवऱ्या मुलाची आजी उठली. "हाई काय शे? पोर दोन घरले दखाडतस? आम्हले येडा समजतस का?" व्याह्यांनी आपल्या मोबाइलवर पाहिलं तर नात नाही. पुन्हा दाबलं तर आहे. पुन्हा दाबलं, नाही. मग सगळा हॉल मोबाइल दाबायला लागला. "माझ्यात आहे!" "माझ्यात गेली!" जुगार लागल्यासारखं. माझी नात पाटावर मान खाली घालून बसलेली, आणि लग्न मोडतं की काय या भीतीने तिची आई एकेकाच्या मोबाइलात डोकावत होती. मला तर जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं.

तेव्हा दीर मधे येऊन उभा राहिला. टोपी काढली. "चूक माझी आहे. नाव काढल्याचा निरोप चौघांना दिला. तिघांनी घेतला. चौथा तेव्हा बंद पडला होता, नंतर उठला तो जुनंच नाव घेऊन. पॉइंट्समनने चौथ्याकडे वळवलं की पोरगी दिसते. जन्मभर मी पोच घेतल्याशिवाय गाडी सोडली नाही. आणि घरच्या पोरीच्या वेळी पोच घ्यायला विसरलो. पोरीचा दोष नाही." त्याने टोपीनेच डोळे पुसले. एवढं रेल्वेचं बोलून तो रडेल, असं मला वाटलं नव्हतं.

शिरपूरचे आबाच आधी हसले. "म्हणजे आमची गाडी भलत्या लायनीवर आली म्हणा!" व्याहीही हसले, आजीबाई पुटपुटत खाली बसल्या, आणि ओटी भरली गेली. शिरपूरवाले जेवून गेले. दीर मात्र जेवला नाही. पंगतीत त्याचं पान तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आला. दाढी केलेली नव्हती. रात्रभर साठवलेला राग मी आता त्याच्यावर सोडणार होते.

"वहिनी, चारही ठिकाणी तपासलं," तो म्हणाला. "पोरगी आता कुठंच दिसत नाही."

आत नात नव्या साडीची घडी घालत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी "कळलं" म्हणाले, आणि त्याचं कालचं राहिलेलं पान वाढायला घेतलं.